धुक्याच्या प्रती

"'घ्या' म्हणजे नक्की कोणी घ्यायचं?" फोनवरच्या माणसाने विचारलं.

छोटीने डोळे मिटले. केस ओले होते, एक चप्पल पायात होती, दुसरी अजून कपाटाखाली होती आणि कामावर जायची वेळ होऊन गेली होती. "कॉम्प्युटरने घ्यायचं," ती म्हणाली. "सिंथेसायझरमधले आवाज कॉम्प्युटर घेतो आणि फ्लॉपीवर ठेवतो. 'द्या' दाबलं की फ्लॉपीवरचे आवाज परत सिंथेसायझरला देतो."

"पण बटण मी दाबतोय. मग मी घेतोय की देतोय?"

"तुम्ही काहीच करत नाही. तुम्ही फक्त बटण दाबताय."

"असं काय बोलता ताई, निदान दाबतोय तरी!" माणूस दुखावला होता. मग जरा लाडात येऊन म्हणाला, "बाकी काही म्हणा, तुमच्या पेटीसोबत जे आवाज येतात ना, त्यातला पहिला एकदम झकास आहे."

"पेटीसोबत आवाज येत नाहीत. पेटी रिकामी असते," छोटी म्हणाली, पण तोवर त्याने फोन ठेवला होता. छोटीने दुसरी चप्पल ओढली आणि ती जिन्यावरून धावत सुटली. बस चुकली ती चुकलीच.

छोटी आता काही छोटी राहिली नव्हती. पदार्थविज्ञान शिकून ती पाण्याच्या तपासणीच्या प्रयोगशाळेत लागली होती, पण घरात जे नाव एकदा चिकटलं ते चिकटलं. आणि गेल्या काही महिन्यांत तिला आणखी एक नाव चिकटलं होतं, 'आवाजपेटीवाल्या ताई'. हे नाव लावणारी माणसं तिने बहुतेक पाहिलेलीही नव्हती. ती फक्त फोन करत. सकाळी दात घासताना करत, जेवताना करत, सुट्टीच्या दिवशी तर सगळं गाव रिकामं बसून हिचाच नंबर फिरवत असावं असं वाटे.

सगळं सुरू झालं ते मामामुळे. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. दिवसा मुलांना कीबोर्ड शिकवायचा आणि संध्याकाळी एका हॉटेलात, जेवणाऱ्यांच्या बोलण्याआड येणार नाही इतपत हळू, वाजवायचा. त्याच्या सिंथेसायझरमध्ये आवाजांसाठी बत्तीसच जागा होत्या. तेहतिसावा आवाज बनवला की जुन्यापैकी एकावर पाणी सोडावं लागे, आणि मामा दर वेळी असं तोंड करून यायचा की घरात कोणी गेल्यासारखं वाटावं. शेवटी छोटीने घरच्या कॉम्प्युटरवर एक छोटं सॉफ्टवेअर लिहिलं. कॉम्प्युटर टीव्हीला जोडलेला होता, त्यामुळे ती लिहायला बसली की आईची मालिका बंद. आई म्हणायची, "त्या नायिकेचं लग्न झालं की मोडलं हे आता मला शेजारी जाऊन विचारावं लागतं. तुझ्या मामाचे आवाज जगले, बाकी सगळे मेले तरी चालतील."

सॉफ्टवेअर चाललं. त्याचं नाव 'आवाजपेटी' मामानेच ठेवलं. मग जुन्या बाजारातून त्याने स्वतःलाही तसलाच कॉम्प्युटर आणला, आणि वर फर्मावलं, "चालू केलं की माझे आवाज आपोआप सिंथेसायझरमध्ये हजर पाहिजेत. मला बटणं दाबायला लावू नकोस." छोटीने तेही करून दिलं. पेटी सुरू झाली की फ्लॉपीवरचा शेवटचा संच शोधायची आणि न विचारता सिंथेसायझरला पाठवून द्यायची. मामा खूश झाला. एखादी गोष्ट आवडली की ती दहा जणांना दिल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. त्याने ॲकॉर्डियन शिकवणाऱ्याला एक प्रत दिली, त्याने वाद्यं दुरुस्त करणाऱ्याला, त्याने आणखी कोणाला. छोटीची हरकत नव्हती. पैसे तिला नकोच होते. ज्ञान वाटल्याने काही कमी होत नाही असं तिला वाटायचं. फोन मात्र वाढतात, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी संध्याकाळी ती घरी आली तेव्हा मामा हॉलच्या मधोमध उभा होता आणि आई खुर्चीत बसून उसवलेली शिवण घालत होती.

"चोर पकडला!" मामाने छोटीला बघताच जाहीर केलं.

"आल्यापासून तेच चाललंय," आई म्हणाली. "पाणी पी म्हटलं तरी म्हणतो चोर पकडला."

छोटीने पिशवी ठेवली. "कुठला चोर?"

"तो चष्मेवाला! बाजाराच्या कोपऱ्यावर दुकान आहे बघ, तो. सिंथेसायझर वाजवतो. बरा वाजवतो, मी नाही म्हणत नाही. त्या नाटकाच्या बाईंनी त्याला नव्या नाटकासाठी घेतलं होतं. मी आज त्यांना दिलेली माझी वायर परत आणायला तालमीच्या हॉलवर गेलो, तर पायरीवरच माझे पाय थिजले. आत माझं धुकं वाजत होतं!"

धुकं म्हणजे काय हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मामाने स्वतः बनवलेला तो आवाज. सूर दाबला की लगेच काही ऐकू यायचं नाही, मग कुठूनतरी लांबून हळूहळू भरत यायचं, आणि बोट उचललं तरी खोलीत रेंगाळत राहायचं. हॉटेलातले लोक त्यासाठी घास हातात धरून थांबत, असं मामा सांगायचा.

"सारखा आवाज असेल," छोटी म्हणाली.

"स्वतःचं पोर मी गर्दीत ओळखणार नाही? आत गेलो, सरळ त्याच्या यंत्राच्या पडद्यावर बघितलं. नावसुद्धा मी ठेवलेलं. बदलायचीही लाज वाटली नाही! मी तिथेच, सगळ्यांदेखत म्हटलं, हा माणूस चोर आहे."

"मग ते काय म्हणाले?"

"काय म्हणणार? म्हणे यंत्र बिघडलंय. बाई आधीच वैतागलेल्या. ज्या घंटेच्या आवाजासाठी त्याला घेतलं होतं ती घंटा तो आज वाजवूच शकला नाही, त्यात हे. त्यांनी त्याला तिथल्या तिथे सांगितलं, उद्यापासून येऊ नका. आणि काम मला दिलं." मामाची छाती जरा वर आली, पण लगेच त्याने छोटीकडे बोट केलं. "पण मूळ चूक तुझी. माझे आवाज त्याच्यापर्यंत गेले कसे? तूच कोणालातरी दिले असणार. आता त्या पेटीला कुलूप घाल आणि सगळ्या प्रती परत मागव."

"मी तुझे आवाज कोणालाही दिलेले नाहीत," छोटी म्हणाली. तिचाही आवाज चढला. "मी देते ती पेटी रिकामी असते."

असं म्हणताना तिला सकाळचा फोन आठवला. तुमच्या पेटीसोबत जे आवाज येतात ना, त्यातला पहिला. मामाच्या संचात पहिल्या जागेवर धुकंच होतं. तिने मामाकडे बघितलं आणि पिशवी उचलून ती आत गेली. खात्री नसताना बोलायचं नाही ही तिची प्रयोगशाळेतली सवय होती.

दुसऱ्या दिवशी कामावरून ती सरळ चष्म्यांच्या दुकानात गेली. चष्मेवाले पन्नाशीच्या आतबाहेरचे, टापटीप, गळ्यात टाय. ते एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या कानामागे चष्म्याची काडी वाकवून बघत होते. गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी छोटीला खुर्ची दाखवली. "बसा. समोरची सगळ्यात खालची ओळ वाचा."

"मी डोळे तपासायला नाही आले. आवाजपेटी मी लिहिली आहे."

त्यांच्या हातातलं फडकं थांबलं. "अच्छा. म्हणजे त्या ताई तुम्ही. फोन नंबर आहे माझ्याकडे तुमचा. चारदा रिसीव्हर उचलला आणि ठेवला. म्हटलं, फोनवर बोललो तर तोंडून काहीतरी वेडंवाकडं जाईल."

"आता बोला."

"काय बोलू? तुमच्या पेटीने माझे बत्तीसच्या बत्तीस आवाज गिळले." ते अगदी सावकाश, लेन्सचा नंबर सांगावा तसं बोलत होते. त्यामुळे ते जास्तच लागलं. "दुपारी दुकान बंद असतं तेव्हा मी ते बनवायचो. इतक्या वर्षांत. ते जाऊ नयेत, नीट जपून राहावेत म्हणून तर तुमची पेटी आणली दुरुस्तीवाल्याकडून! आणि तुमचे मामा मला चोर म्हणतात. मला हौस आहे का त्यांचं धुकं वाजवायची? यंत्रात दुसरं काही उरलंच नाही तर वाजवू काय?"

"हे तुम्ही काल तिथे सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की. यंत्र बिघडलं म्हणालो. बिघडलेल्या यंत्रातून नेमका दुसऱ्याचाच आवाज कसा येतो, असं बाईंनी विचारलं. मी वायरी काढल्या आणि आलो."

"तुम्ही पेटी सुरू करून 'द्या' दाबलंत का?"

"मी काहीच दाबलं नाही. दाबायच्या आधीच सगळं संपलं होतं. सगळे हेच विचारतात, काय दाबलंत, काय दाबलंत."

छोटी उठली. "मला ते करून दाखवा."

"पुन्हा? आता काय उरलंय त्यात गिळायला?"

तरी त्यांनी मागच्या खोलीचा पडदा सरकवला. काचा घासायच्या चक्राशेजारी टेबलावर टीव्हीला जोडलेला कॉम्प्युटर होता आणि त्याच्या बाजूला सिंथेसायझर, त्याच्यावर स्वच्छ टॉवेल घातलेला. छोटीने आधी यंत्रातल्या पहिल्या आवाजाचं नाव बदललं आणि तिथे 'चाचणी' असं ठेवलं. मग चष्मेवाल्यांना म्हणाली, "आता फ्लॉपी घाला, कॉम्प्युटर चालू करा आणि हात मागे घ्या." त्यांनी हात पाठीमागे बांधले. फ्लॉपीने कुरकुर केली, टीव्हीवर आवाजपेटीचं नाव उमटलं, आणि सिंथेसायझरचा छोटा पडदा क्षणभर लुकलुकला. 'चाचणी' गेली होती. तिथे 'धुकं' आलं होतं.

चष्मेवाल्यांनी टायची गाठ सैल केली. "बघितलंत?"

छोटीने बघितलं होतं, आणि आता तिचे कान तापले होते. ही फ्लॉपी रिकामी नव्हती. मामाने कोणालातरी प्रत दिली तेव्हा रिकाम्या पेटीची न देता स्वतःच्या वापरातल्या फ्लॉपीची दिली होती, आणि पुढे प्रतीच्या प्रती निघत गेल्या होत्या. प्रत्येकीत मामाचा संच बसलेला. आणि ज्या घरात ती जाईल तिथे सुरू झाल्या झाल्या, कोणी न विचारता, तो संच ओतणारी सोय छोटीने स्वतः घातलेली. तिने ती मामाच्याच यंत्रावर शंभरदा तपासली होती. ज्या यंत्रात मामाचेच आवाज आहेत, त्यात मामाचेच आवाज पुन्हा ओतले तर फरक तो काय दिसणार? प्रयोगशाळेत ती रोज शुद्ध पाण्याचा कोरा नमुना लावल्याशिवाय एक थेंब तपासत नसे. इथे मात्र एका परक्या यंत्रावर पेटी चालवून बघायचं तिला सुचलं नव्हतं. बाकीच्यांनी तक्रार का केली नाही हेही आता कळलं. त्यांच्या यंत्रात कारखान्यातून आलेले आवाज होते. ते गेल्याचं त्यांना कळलंही नाही. उलट सॉफ्टवेअरसोबत नवे मिळाले म्हणून खूश झाले. स्वतःचे आवाज बनवणारा माणूस त्या सगळ्या साखळीत हा एकच होता.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "आणि मामाची. तुमची काहीच नाही."

"घंटा परत येईल का?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"नाही. जिथे होती तिथेच दुसरं लिहिलं गेलंय."

त्यांनी मान हलवली आणि टॉवेलची घडी उलगडून पुन्हा यंत्रावर घातली. छोटीला वाटलं, यापेक्षा ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

घरी मामा बसलेलाच होता. नाटकाची संहिता मांडीवर घेऊन तो कुठे धुकं सोडायचं त्याच्या खुणा करत होता. छोटीने सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग त्याने ऐकलं, मग परत हसायचा प्रयत्न केला.

"माझ्या फ्लॉपीची प्रत काढली, त्यात काय झालं? सॉफ्टवेअर तेच ना? रिकामी फ्लॉपी शोधत कोण बसणार?"

"तुझे आवाज तूच वाटलेस मामा. स्वतःच्या हाताने. आणि ज्याचे गेले त्यालाच चोर म्हणालास."

"आपोआप ओतायची सोय तू केलीस!"

"केली. तू मागितलीस म्हणून केली, आणि मी नीट तपासली नाही. म्हणून उद्या बाईंकडे मीपण येणार आहे."

"बाईंकडे कशाला?"

"सांगायला."

मामाने संहिता बाजूला ठेवली. "हे बघ छोटे, झालं ते झालं. त्याला म्हणावं वाईट वाटलं. हवं तर मी त्याला माझे दोन-तीन चांगले आवाज देतो."

"बत्तीस दिलेसच की," आई शिवणीतून मान न काढता म्हणाली.

"ताई, तू यात पडू नकोस. आयुष्यभर लोकांच्या जेवणामागे वाजवलं मी. पहिल्यांदा कोणीतरी नुसतं ऐकायला तिकीट काढून बसणार आहे. आता जाऊन सांगितलं तर काम जाईल."

"जाईल," छोटी म्हणाली.

"नुसतं जाईल म्हणते! जसं काही बसच जाणार आहे!"

आईने दोरा दाताने तोडला. "चोर म्हणताना तोंड वर करून म्हणालास ना? मग तेच तोंड खाली घालून जा आणि सांग. आणि जाताना शर्ट बदल, कॉलर मळलीय."

मामा गॅलरीत जाऊन उभा राहिला. बराच वेळ तो आत आला नाही. शेवटी तो आला तो सरळ कपाटाकडे गेला आणि छोटीच्या भावाचा इस्त्रीचा शर्ट न विचारता काढून घेतला.

तालमीच्या हॉलमध्ये बाई गुडघ्यांवर बसून जमिनीला चिकटपट्ट्या लावत होत्या. दिग्दर्शन, नेपथ्य आणि चहाची मोजणी, सगळं त्यांच्याच डोक्यावर होतं असं दिसत होतं. मामाने सुरुवात फार लांबून केली. कला ही कशी वाटण्याची गोष्ट आहे, कॉम्प्युटर हे कसं दुधारी शस्त्र आहे, आणि आपण स्वतः किती उदार आहोत.

"मुद्द्यावर या," बाई तोंडात पट्टीचा तुकडा धरून म्हणाल्या.

"मुद्दा असा की तो चोर नाही."

बाईंनी पट्टी तोंडातून काढली. "परवा तुम्हीच म्हणालात आहे म्हणून. सगळी मंडळी होती."

"म्हणालो. चूक झाली. माझे आवाज मीच वाटले, आणि त्याच्या यंत्रात ते आपोआप गेले. त्याचे पुसले गेले. घंटासुद्धा त्यातच गेली."

"आणि ही कोण?"

"मी ते सॉफ्टवेअर लिहिलं," छोटी म्हणाली. "त्यात दोष होता. तो आता काढलाय."

बाई उठल्या. गुडघे झटकले. आधी मामाकडे आणि मग छोटीकडे त्यांनी असं बघितलं, जसं कोणी गळणाऱ्या नळाकडे बघतं. "एका भल्या माणसाला मी सगळ्यांसमोर हाकललं. तुमच्यामुळे. आता मीच सगळ्यांसमोर त्याला परत बोलावणार, आणि तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी उभे राहून हे सगळं परत म्हणणार. कलाबिला वगळून. काम त्याचंच."

"हो," मामा म्हणाला. तो एवढंच म्हणेल असं छोटीला वाटलं नव्हतं.

"पण माझी घंटा? दुसऱ्या अंकाचा शेवट मी त्या घंटेवर बेतलाय. बुडालेल्या जहाजावरची घंटा, पाण्याच्या तळातून आल्यासारखी. रविवारी प्रयोग आहे. ती नसेल तर तो येऊनही काय करणार?"

मामा भिंतीवरच्या डागाकडे बघत होता. मग तो घसा खाकरून म्हणाला, "ती घंटा मला पाठ आहे."

शुक्रवारी दुपारी दुकानाचं दार लावून तिघं मागच्या खोलीत बसले. छोटीने अर्धी रजा टाकली होती. खोलीत दोनच खुर्च्या होत्या. तिसरी म्हणून चष्मेवाल्यांनी डोळे तपासायचं उंच स्टूल आणलं. त्यावर मामा बसला आणि पाय टेकेनात म्हणून वैतागला. माफी त्याने सकाळी हॉलमध्ये सगळ्यांसमोर मागितली होती. चष्मेवाल्यांनी ती, बिघडलेला चष्मा दुरुस्तीला घ्यावा तशी, दोन बोटांनी घेतली होती.

"आधी टण् नाही," मामा म्हणाला. "आधी श्वास. कोणीतरी पाण्यात तोंड उघडल्यासारखा. मग टण्."

"श्वास वगैरे काही नव्हतं त्यात," चष्मेवाले म्हणाले.

"होता. तुम्ही वाजवणारे, तुम्हाला काय ऐकू येणार? मी भिंतीला टेकून ऐकलाय. त्या शाळेच्या कार्यक्रमात, मग त्या उद्घाटनाला. तुमच्यामागोमाग मला वाजवायचं असायचं. तुमची घंटा झाली की माझं अर्धं अवसान जायचं."

चष्मेवाल्यांनी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं. "हे तुम्ही कधी बोलला नाहीत."

"का बोलीन? जळत होतो मी!"

छोटीने यंत्रातला एक आकडा हलवला. आवाजाच्या आधी हवेचा हलका झोत आला. चष्मेवाले पुटपुटले, "होता बहुतेक."

तिथून पुढे भांडणच सुरू झालं. मामा म्हणे घंटा शेवटी किंचित बेसूर होत खाली जायची, चष्मेवाले म्हणत माझ्या हातून बेसूर काही निघत नाही. मामाने गाऊन दाखवलं, ते इतकं वाईट होतं की चष्मेवाल्यांनी कान झाकले. मग रागाने त्यांनी स्वतः गाऊन दाखवलं, आणि त्यांचाही सूर शेवटी खाली गेला. मामा स्टुलावरून उतरला. "बघा! बघा!" चष्मेवाल्यांना मग आठवलं की दोन स्वर त्यांनी मुद्दाम थोडे वेगळे लावले होते, एक जरा आधी विझायचा. किती वेगळे, ते आठवेना. छोटी एकेक आकडा पुढे नेई, दोघं एकाच वेळी ओरडत, एक "बास" म्हणून आणि एक "अजून" म्हणून.

"तुम्ही दोघं एकदा काहीतरी एकच सांगा," ती शेवटी ओरडली. "मी कोणाचं ऐकू?"

"माझं. घंटा माझी आहे," चष्मेवाले म्हणाले.

"माझं. आठवतेय ती मला," मामा म्हणाला.

बाहेर कोणीतरी दुकानाचं दार ठोठावून गेलं. चहा थंड झाला, त्यावर साय धरली. कधीतरी छोटीने शेवट आणखी लांबवला, वरचा कर्कशपणा कापला, आणि चष्मेवाल्यांनी एक सूर दाबला. आधी झोत आला, मग खोलवरून टण्, आणि मग ती घंटा कलत कलत खाली गेली आणि काचांच्या चक्रामागे कुठेतरी विरली. मामा तोंड उघडं ठेवून उभा होता.

"हीच," तो म्हणाला.

चष्मेवाल्यांनी पुन्हा दाबला. आणि पुन्हा. "ही ती नाही," ते म्हणाले. "तिच्यात काहीतरी होतं."

"हीच आहे हो!"

"नाही."

छोटीने डोकं धरलं. मूळ घंटा आता जगात कुठेच नव्हती, मग हिला मोजायचं कशाशी? एकाच्या कानाशी की दुसऱ्याच्या? तिने दुकानातला फोन ओढला, बाईंना लावला आणि काही न सांगता रिसीव्हर स्पीकरसमोर धरला. चष्मेवाल्यांनी वाजवलं.

"हं, आली ना घंटा," बाई म्हणाल्या. "आणि कोणीतरी तो फोन लांब धरा, कान फुटला माझा."

चष्मेवाले कीबोर्डकडे बघत राहिले. मग त्यांनी टायची गाठ वर सरकवली. "ठीक आहे," ते म्हणाले. "रविवारपुरती ठीक आहे. पुढचं मी दुपारचं बघत जाईन."

छोटीने नव्या पेटीची फ्लॉपी घातली. ही सुरू झाली तरी गप्प बसून राहायची, कोणी सांगितल्याशिवाय एक आकडा इकडचा तिकडे करायची नाही. तिने घंटा तिच्यावर घेतली, परत यंत्रात पाठवून जुळते का बघितली, दुसऱ्या फ्लॉपीवरही घेतली, आणि दोन्हींच्या कोपऱ्यातली खिटी सरकवली म्हणजे आता त्यांवर कोणाला काही लिहिता येणार नव्हतं.

मामा इतका वेळ चुळबुळत होता. शेवटी त्याला राहवलं नाही. "एक प्रत मला मिळेल का हो?"

छोटीने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने हात मागे घेतला. चष्मेवाले दोन्ही फ्लॉप्या खिशात ठेवून, पडदा सरकवून दुकानात गेले. दार उघडलं, पाटी फिरवली, समोरच्या काचेवरचा एक डाग फडक्याने पुसला. मग तिथूनच, मागे न बघता म्हणाले, "रविवारी. पडदा पडल्यावर. त्याच्याआधी नाही."

मामाने छोटीच्या दंडाला धरलं. "किती वाजता पडतो गं पडदा?"